जांभळं कडं

तिला सारी गल्ली झेंडेवालीच म्हणायची. हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत तिची दोन मशिनं होती; एक चालायचं, एक रुसायचं. शाळांचे, क्लबांचे, मोर्च्यांचे, सगळ्यांचे झेंडे तिने शिवले. कोणाचा कशासाठी, हे विचारायची सवय नव्हती. कापड तिरकं जाऊ नये, एवढंच तिचं मत.

इंद्रधनुषी झेंडा मात्र तिला दमवायचा. आधी म्हणे त्याला आठ पट्टे होते. गुलाबी कापड पुरेना म्हणून एक गळला, मग आणखी एक, उरले सहा. पुढे काठीच्या बाजूने त्रिकोण घुसला: काळा-तपकिरी सावळ्या माणसांसाठी, निळा-गुलाबी-पांढरा ज्यांना जन्मताना मुलगा किंवा मुलगी म्हटलं आणि ती दुसरीच निघाली त्यांच्यासाठी. हे सगळं तिला सांगायची चष्मेवाली. अशा सगळ्या माणसांच्या प्राइड मिरवणुकीची ऑर्डर दर वर्षी तीच आणायची. यंदा तिच्या नमुन्यात त्रिकोणाच्या पोटात आणखी एक पिवळा त्रिकोण होता, त्यावर जांभळं कडं.

"अगं, दर वर्षी तुमचं नवं खूळ! पुढच्या वर्षी बाह्या लावू का?"

"मावशी, माणसं बाहेर राहून गेली होती. जरा सरकून जागा करतोय."

"आणि हे कडं कोणाचं?"

"ज्यांचं अंग धड मुलीचं नाही, धड मुलाचं नाही, असं जन्मतं, त्यांचं. कळायच्या आत कापाकापी करतात हो त्यांची. म्हणून कडं अखंड."

झेंडेवालीने गळ्यातला टेप काढला, पुन्हा अडकवला. "शुक्रवारी पोचतील," एवढंच म्हणाली.

तिची धाकटी तशीच जन्मली होती. बत्तीस वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, मुलगी करून टाकू, तान्हेपणीच उरकलेलं बरं. हिने सही केली. पोर मोठी होऊन पोटाखालच्या व्रणाचं विचारू लागली, तेव्हा सांगितलं, हर्निया होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. नवरा गेल्यापासून ती मूठ हिला एकटीलाच आवळून धरावी लागत होती.

तीन दिवस जीव थाऱ्यावर नव्हता. उठायची, पाणी प्यायची, मशिनीवर बसायची आणि आपण काय शिवत होतो तेच विसरायची. गोलाची कड दुमडायची तर आतून बारीक चिरा द्याव्या लागतात, नाहीतर कापड फुगतं. जन्मभर दिल्या होत्या. आता कात्री टेकवली की हात आखडायचा. तिने तशीच दुमडली. पंधरा झेंडे, पंधराही कडी चुणलेली. उसवली, शिवली, पुन्हा उसवली.

शुक्रवारी दुपारी धाकटी माल न्यायला आली. आईचे झेंडे तीच आपल्या टेम्पोतून पोचवायची.

"आई, ही कडी आहेत की सुकलेली वांगी?"

"चिरा दिल्या नाहीत."

"का? कात्री पळाली?"

आई हसली नाही. "तुला हर्निया नव्हता गं," म्हणाली, आणि मग थांबता येईना. सगळं सांगून टाकलं. ती सही, ते डॉक्टर, कोणाला न सांगण्याची सासूने घातलेली शपथ. मध्येच सासूवर ढकलायला गेली, मग म्हणाली, "सही माझीच."

धाकटी कापडाच्या गठ्ठ्यावर बसली. नखाने एक धागा ओढत राहिली.

"मी रडले होते?"

"मला बाहेर बसवलं होतं. दार बंद होतं."

"ऐकू आलं का, ते विचारतेय."

"आलं."

"आणि बत्तीस वर्षं तू हर्निया हर्निया करत राहिलीस. खालच्या दुकानातल्या बाईलासुद्धा तेच सांगितलंस." तिचा आवाज चढला. "कागद आहेत?"

आईने कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढून दिली. धाकटीने ती उघडली नाही, बगलेत धरली. झेंडे उचलले, तसेच, चुणलेले.

"अगं, दुरुस्त करते ना."

"हात लावू नकोस आता."

ती खाली गेली. टेम्पोचं दार आपटलं. झेंडेवाली खिडकीशी उभी राहिली, मशिनीपाशी गेली, परत खिडकीशी आली. टेम्पो जागचा हलत नव्हता. पोर बोलावणार नाही, हे तिला ठाऊक होतं. शिव्या देईल, कदाचित दारही उघडणार नाही. झेंडेवाली कठड्याला धरून अनवाणीच जिना उतरू लागली.