साहेब माझ्या मुलीचे मामा झाले

माझ्या बायकोला भाऊ नाही. त्यामुळे मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा पहिला प्रश्न आला तो मामाचा. आमच्याकडे नवरीला हाताला धरून मांडवात आणायचं आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या मागं उभं राहायचं, हा मान मामाचा. बायकोनं मात्र मामा कधीच ठरवून टाकला होता. "साहेब येतीन," ती म्हणाली. "ज्यानं माह्या माणसाले जिता खाली आणला, त्याच्याहून सख्खा भाऊ कोणता?"

साहेब म्हणजे पलटणीतले माझे मेजरसाहेब, मूळचे कोकणातले. सीमेवरच्या डोंगरावरची एक चौकी आम्ही गमावली, तेव्हा ते आमचे प्रमुख होते. गोळ्या संपत आल्या होत्या. माघारी या, असा हुकूम वायरलेसवर आला. सेट माझ्याकडे, साहेब माझ्या शेजारी. दोघांनीही तो स्वच्छ ऐकला. जखमींना पुढं घालून साहेब सगळ्यांत शेवटी उतरले. आणि नंतर वरच्यांनी हात झटकले. असा हुकूम दिलाच नव्हता म्हणे! चौकशीत मी घसा फोडून सांगितलं, पण साध्या शिपायाचं कोण ऐकतं? चौकी गेली होती, कुणाच्या तरी माथी खापर फोडायचंच होतं. साहेबांची नोकरी गेली. 'चौकी सोडून पळालेला अधिकारी' म्हणून पेपरात छापून आलं. आजही आठवलं की माझं रक्त तापतं.

माझ्या थोरल्या भावानं तो पेपर वाचला होता, आणि त्याच्यासाठी तेच खरं होतं.

"त्या पळपुट्याले पोरीच्या मांगं काहून उभा करून राह्यला? पाव्हणे थुंकतीन आपल्यावर."

"तो पळाला असता तं मी आज तुह्यासमोर बसलो नसतो."

"तो आला तं मी मांडवात पाय ठेवणार नाही."

"नको ठेवू," मी म्हणालो. बोलून गेलो खरा. पण बाप गेल्यावर मला लहानाचं मोठं केलं ते यानंच. दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

लग्नाच्या दिवशी रिसोडहून वऱ्हाडाच्या जीपा आल्या, साहेबही आले. भाऊ आला नाही. गल्लीच्या टोकाला त्याचं घर, दार लावून बसला होता. कुणीतरी शहाण्यानं ते साहेबांच्या कानावर घातलंच. मुहूर्त जवळ आला तसं त्यांनी मला बाजूला घेतलं. "अरे, भावाला बोलाव. तोच उभा राहील मुलीमागं. मी निघतो, मिळेल एखादी एसटी."

माझं डोकंच फिरलं. "साहेब, तवा हुकूम होता म्हणून उतरलो. आज कोणाचा हुकूम हाये?"

तेवढ्यात आतून मुलीनं हाक मारली, "मामा, चला ना!" साहेब आत गेले, तिला हाताला धरून घेऊन आले आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागं ताठ उभे राहिले. बायकोनं रडून घेतलं. मीही रडलो, उगाच खोटं कशाला बोलू?

पंगतीत मामाला मानाचं पान असतं. साहेब त्यावर बसले आणि त्यांच्या दोन्ही बाजूंची पानं रिकामीच राहिली. माणसं पलीकडं दाटीवाटीनं बसली, पण इकडं कुणी फिरकेना. मुलीच्या बापानं सगळ्यांच्या शेवटी जेवायचं, ही आमची रीत. मी वाढत होतो. हातातली बुंदीची बादली खाली ठेवली आणि साहेबांच्या शेजारी जाऊन बसलो.

त्यांनी अजून घास घेतला नव्हता. पानाकडे बघतच त्यांनी हळूच विचारलं, "खरं सांग. हुकूम आला होता ना? इतकी वर्षं ऐकून ऐकून हल्ली माझी मलाच शंका येते."

लोकांनी या माणसाची नोकरी घेतली, नाव घेतलं, आणि आता त्याची आठवणही घ्यायला निघाले होते. मी उठून उभा राहिलो आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं बोललो.

"आला होता, साहेब. म्या माह्या कानानं आयकला. तुमी पळाले नाही."

वाढणारे थांबले. जेवणारेही थांबले. साहेबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"परत एकदा सांग," ते म्हणाले.