खळ्यावरचं पाऊल

चार पावलं चालले की ते मागे वळून पाहत. कुणी हाक मारली म्हणून नव्हे. आपली पावलं कुठे उमटली ते बघायला. आमच्या दारात आले तरी उंबऱ्याबाहेरची धूळ पायानं सारखी करत. मी "या, बसा" म्हटलं की म्हणत, "आधी पुसू, मास्तर. मंग बोलू."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काम अंगात इतकं मुरतं की ते सुट्टीच्या दिवशीही हातापायांतून जात नाही. त्यांचं काम पावलं पुसण्याचं होतं.

जालन्याच्या छावणीमागच्या माळावर साहेब लोक आणि काही बडे अंमलदार गोल्फ खेळत. आमच्या मुलखात हिरवळ टिकत नाही, म्हणून प्रत्येक भोकाभोवती तेलात कालवलेल्या वाळूचं गोल अंगण केलेलं होतं. साहेबांचा त्याला काही शब्द असेल. आमचे हे शेजारी त्याला खळं म्हणत. खेळणारे पुढे गेले की लांब दांड्याच्या फळीनं खळं सारखं करायचं, बुटाचा एकही ठसा ठेवायचा नाही, म्हणजे मागून येणाऱ्याचा चेंडू सरळ घरंगळतो. पंधरा वर्षं त्यांनी हेच केलं. घराणं धनगराचं; माळावरचं गवत आखूड राहावं म्हणून त्यांच्याच भावाची मेंढरं तिथं चरत. राहायला माळाच्या कडेला क्लबाची एक खोली. तीत ते, बायको, सात वर्षांची गंगू आणि तिच्या पाठचा बारका.

शेजारच्या खोलीत मी. शाळेत शिकवायचो आणि उरलेल्या वेळात पत्रकं वाचायचो, लिहायचो. उघड सभा घ्यायची तर सरकारची परवानगी लागे, म्हणून माझी सभा पुष्कळदा या एकाच माणसापुढे भरे. "वाळू आपल्या नदीची, तेल आपल्या करडईचं, घाम तुमचा. आणि तुमच्याच लेकीला तिथं पाय ठेवायची बंदी?"

"बराबर हाय," ते म्हणत, आणि वाळू चाळत राहत. त्या 'बराबर हाय'पुढे माझी कितीतरी भाषणं आडवी झाली.

बंदी मात्र खरी होती. साहेबांचे हरवलेले चेंडू झुडपांतून शोधून आणायची गंगू, पण खळ्याच्या कडेला थांबायची. क्लबाच्या मुनशीनं बजावलं होतं, रखवालदाराखेरीज घरच्या कुणाचा पाय वाळूवर दिसला तर खोली त्याच दिवशी रिकामी करायची.

"बा, आपुन कवा खेळायचं?" ती विचारी.

"साहेब थंड हवेला गेले की."

साहेब दोन उन्हाळे थंड हवेला जाऊन आले. तिसऱ्या उन्हाळ्यात साहेब गेल्यावर गंगूचे वडील माझ्या दारात आले, धूळ सारखी केली आणि म्हणाले, "उद्या भाकरी माळावर खाऊ, मास्तर. लेकरांना खेळायचं हाय."

"परवानगी काढली का?" मी चेष्टेनं विचारलं.

"काढली की. गंगूनं दिली."

ऊन चढायच्या आत आम्ही निघालो. बाभळीच्या, खाली वळलेल्या काठ्या होत्या. सापडलेला प्रत्येक चेंडू ते साहेबांना परत देत, म्हणून बायकोनं मेंढीच्या लोकरीचा घट्ट आवळून चेंडू शिवला होता. पहिला टोला त्यांनीच मारायचा ठरलं. तीनदा काठी फिरवली, तीनदा माती उडाली.

"पंधरा साल दुसऱ्याचं बघून राह्यले, अन् ह्यांना चेंडू लागंना," बायको म्हणाली.

"बघायची नौकरी हाय माझी. मारायची न्हाई."

मग मी मारला. चेंडू जागेवरच राहिला आणि माझी काठी लांब गेली. बारक्यानं सरळ चेंडू उचलला, पळत जाऊन भोकात टाकला आणि टाळ्या वाजवल्या. गंगू चिडली. "बा, ह्याला सांगा, असं न्हाई खेळत."

"त्याचं बी बराबर हाय," ते म्हणाले. "जायाचं तर भोकातच व्हतं."

शेवटच्या खळ्याशी आम्ही आलो तेव्हा बायकोनं वहाणा काढल्या, मग त्यांनी काढल्या, मग मी. कुणी कुणाला सांगितलं नाही. खळ्यात पायताण घालून जायचं नसतं, एवढं आमच्याकडच्या लेकरालाही कळतं. गंगू अनवाणीच होती, तरी कडेला थबकली. बापानं तिचा हात धरून तिला आत घेतलं.

तिनं हलकेच टोला दिला. चेंडू घरंगळला, भोकाच्या काठावर रेंगाळला, आत गेला. ती ओरडली नाही. भोकात हात घालून चेंडू आहे ना ते पाहिलं आणि बापाकडे बघून हसली.

भाकरी, चटणी, कांदा झाला. ते फळी घेऊन उठले. एकेक खळं सारखं करत शेवटच्यावर आले, तिथली बाकीची पावलं पुसली. भोकाशेजारी एक लहान पाऊल पाचही बोटांसकट उमटलं होतं.

"राहू द्या," मी म्हणालो. "कुणाच्या बापाची वाळू आहे?" आणि पुढे बरंच बोललो.

त्यांनी फळी उचलली, थांबले, खांद्यावर टाकली. "उद्या पुसतो."

उद्या पुसलं नाही. परवाही नाही. रोज जाऊन बघून येत.

पाचव्या दिवशी मुनशी आला. बुटाचा ठसा असता तर त्यानं पाहिलाही नसता. "हे नंगं पाऊल कुणाचं?" त्यानं विचारलं. मेंढरांमागे आलेलं कुणाचं तरी पोर, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी तिथंच होतो. मी तेच म्हणायला तोंड उघडलं.

"माझ्या लेकीचं हाय," ते म्हणाले.

ते बोचकी बांधत होते तेव्हा मी त्यांच्यापुढे उभा राहिलो. म्हणालो, चूक माझी, भाषण मी केलं, घर तुमचं गेलं.

"कोणतं भाषण?" ते म्हणाले. "तुम्ही बोलून राह्यल्ते, एवढं ध्यानात हाय. मी काही ऐकलं न्हाई, मास्तर. मी तिचा पाय बघून राह्यल्तो."

भावाची मेंढरं तेव्हा वाटूरकडे होती. तिकडे जायचं ठरलं. निघताना त्यांनी खोलीपुढचं अंगण फळीनं सारखं केलं, फळी भिंतीला टेकवली, बारक्याला खांद्यावर घेतलं. पुढे गंगू, मागे बायको, शेवटी ते. वाटेवर घोट्याइतकी धूळ होती. मी दारात उभा राहून मोजत होतो. चार पावलं झाली. आठ झाली. ते वळणाच्या बाभळीपर्यंत गेले, आणि एकदाही त्यांनी मागे पाहिलं नाही.

बारका खांद्यावर होता, म्हणून तिघांचीच पावलं उमटली होती. त्या दिवशी शाळेला मी ती वाट सोडून शेतातून वळसा घालून गेलो.