ओसरीवाले मास्तर

एलियामास्तरांनी पुस्तक निम्मंच वाचलं आणि उपदेश सुरू केला. सगळा घोळ तिथेच झाला.

भिंगारजवळच्या एका खेड्यात ते मिशनच्या शाळेत शिकवत. १९४३ साली विलायतेला परतणाऱ्या एका पाद्रीसाहेबांनी जाताना त्यांच्या हातात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक ठेवलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक-रोमन विचारवंतांच्या एका पंथाची त्यात माहिती होती. त्यांतला पहिला झेनो. जहाज बुडालं, माल गेला, आणि हा व्यापारी अथेन्स शहरात चित्रं रंगवलेल्या एका ओसरीवर बसून लोकांना शिकवू लागला. ओसरीला तिकडे 'स्टोआ' म्हणत, म्हणून ही मंडळी स्टोइक. मास्तरांनी त्यांचं मराठी नाव करून टाकलं, ओसरीवाले.

शब्द उगाच सुचला नव्हता. त्यांच्या आजोबांना पाटलाच्या ओसरीवर पाय ठेवायची मुभा नव्हती. जे काय बोलायचं ते अंगणात उभं राहून. आणि इथे एपिक्टेटस नावाचा लंगडा गुलाम काय शिकवून गेला, ते रोमचा बादशहा मार्कस ऑरेलियस लढाईच्या तंबूतही घोकत होता! वाचताना मास्तरांच्या अंगावर काटा आला.

दर रविवारी प्रार्थना सुटली की ते शाळेच्या फळ्यावर दोन रकाने आखत. एकात 'हातातलं', म्हणजे आपले विचार, आपलं वागणं. दुसऱ्यात 'हाताबाहेरचं', म्हणजे रोगराई, मरण, लोकांची तोंडं. पहिलं नीट सांभाळावं, दुसऱ्यासाठी ऊर बडवून घेऊ नये. गाव त्यांना ओसरीवाले मास्तर म्हणू लागलं आणि मास्तर जरा जास्तच खूश झाले.

१९४४च्या पावसाळ्यात पत्र आलं. त्यांचा एकुलता एक मुलगा योहान फौजेत लॉरी चालवायचा. ब्रह्मदेशात जखमी होऊन तो पुण्याच्या लष्करी दवाखान्यात पडला होता. पत्र दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेलं. पाय सडत चालला आहे, ताप उतरत नाही, वडिलांना पाठवून द्या.

त्यांच्या बायकोने, मरियाने, लगेच भाकरी फडक्यात बांधल्या.

"चला. शेजारचा गोरक्ष गाडी जुपतोय. टेसनावर सोडतो म्हनला."

मास्तर जागचे हलले नाहीत. "जखम डाक्तरच्या हातात, जीव देवाच्या. आपन जाऊन काय करनार?"

"अवो, पोरगं तुमास्नी बोलावतंय!"

"धीर धर मरिया. हीच तर कसोटी हाय."

कसली कसोटी आणि कसलं काय! सरळ सांगायचं तर मास्तर घाबरले होते. पोराचा सडका पाय आपल्याच्याने बघवणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शिवाय ओसरीवाले मास्तर हे दुःख कसं सोसतात, इकडे अख्ख्या गावाचे डोळे लागले होते. भीतीला त्यांनी तत्त्वज्ञान म्हटलं, एवढंच.

मरियाला वाचता येत नव्हतं आणि नगरच्या पुढे ती एकटी कधी गेली नव्हती. आठ दिवस ती रोज सकाळी "चला" म्हणाली. नवव्या दिवशी काहीच न बोलता गोरक्षच्या गाडीत जाऊन बसली.

चौथ्या दिवशी ती परत आली. एकटीच.

"मंगळवारी गेला. मी बुधवारी पोचले," ती म्हणाली. "शेजारच्या खाटंवरचा शिपाई सांगत हुता. रोज सकाळी इचारायचा म्हनं, बा निघाला असंल का."

मास्तरांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "मरन काय आपल्या हातात..."

"मरन नव्हतं तुमच्या हातात," मरिया म्हणाली. "जानं हुतं."

मग मास्तरांनी राहिलेलं निम्मं पुस्तक वाचलं. त्यात एक बाप भेटला. मुलीचं दुखणं बघवेना म्हणून तो घर सोडून निघून गेला होता. त्याला त्या लंगड्या गुलामाने चांगलंच फैलावर घेतलं होतं. पोरीला बरं करणं तुझ्या हाती नसेल, पण तिच्या उशाशी बसणं होतं की नाही? मास्तर गुरासारखे ओरडून रडले. शेजारच्या भागूबाई धावत आल्या. मरिया आली नाही.

पुढे ती त्यांच्याशी भांडली नाही की माहेरी गेली नाही. दोन्ही वेळा त्यांचं ताट वाढायची. पण इतकी वर्षं त्यांच्याशेजारी बसून जेवणारी मरिया आता त्यांनी पहिला घास उचलला, की आपली भाकरी घेऊन मागच्या दारी जाऊन बसायची.