चार वेण्यांपैकी एक

देवेश रिक्षात मधोमध बसतो. कडेला वारा लागतो आणि केसांचा गुंता होतो, म्हणून. त्याच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, लाकडी कंगवा असतो. उशीला साटिनचा अभ्रा. कुणाच्या घरी गेला की पंख्याखालची जागा सोडून भिंतीला टेकतो. केस धुतले त्या दिवशी नुसती मान वळवत नाही, अख्खा वळतो. बंद दुकानाच्या काचेपुढून जाताना त्याची चप्पल नेमकी तिथेच सैल होते. आणि लिफ्टमध्ये कुणी आजी त्याच्याकडे टक लावून बघायला लागली, की तिने विचारायच्या आत तो सांगून टाकतो, "आजी, डोनेट करायचेत. कॅन्सर पेशंटसाठी."

ही शेवटची सवय मीराच्या सगळ्यात जास्त डोक्यात जायची.

मीराचं सलून नाहूर स्टेशनपासून पाच मिनिटांवर, एका सोसायटीच्या तळमजल्यावर. दोन खुर्च्या, एक बेसिन, दारात तुळस. देवेश तिच्या शाळेतला. सातवीपर्यंत एका बाकावर. त्यामुळे दर तीन महिन्यांनी तो तिच्याकडेच यायचा, ट्रिमिंगला. चार वर्षं हे चाललं होतं.

लांब केसांचं ट्रिमिंग म्हणजे काम चिमूटभर आणि वेळ खंडीभर. देवेशचे केस कमरेपर्यंत. खुर्चीत बसला तर टोकं खुर्चीच्या पाठीमागे अडकायची. म्हणून त्याला उभं करावं लागायचं. मीरा केस ओले करायची, भाग पाडायची, चिमटे लावायची, मग मागे पाटावर बसून टोकं सरळ रेषेत कापायची. त्याआधी देवेश करंगळीचं नख दाखवायचा.

"एवढंच हं मीरा. नखाएवढं."

कापून झालं की तो हात पुढे करायचा. कापलेली टोकं त्याला तळहातावर लागायची. तो ती उजेडात धरून बघायचा.

"जास्त नाही ना गेले?"

"देवेश, झुरळाच्या मिशा याच्यापेक्षा लांब असतात. घरी जा."

तो एका विमा कंपनीत क्लेम तपासतो. लोकांनी लिहिलेलं खरं की खोटं, हे दिवसभर शोधायचं. वडील कणकवलीहून आलेले, गिरणीत होते. कॉलेजात देवेशने दोन एकांकिका केल्या. एकीत तो पहारेकरी होता, दुसरीत त्याला वाक्यं होती. पुढे काही झालं नाही. पण केस वाढले, आणि लोक विचारू लागले, "आपण कलाकार का?" देवेश मान किंचित कलती करून म्हणायचा, "हो, थोडंफार." मीराने हे कितीदा तरी ऐकलं होतं. केस गेले तर विमा कंपनीतला क्लार्क उरणार, हे तिला कळत होतं. कळल्यामुळे कीव यायला हवी होती. तिला ती आली नाही.

डोनेट करायची गोष्ट पहिल्या वर्षापासूनच होती. खांद्याखाली आले की देणार. मग पाठीवर आले की देणार. मग कमरेपर्यंत.

मार्चमध्ये त्याची मोठी बहीण, प्रेमाताई, सलूनमध्ये आली. ती दिंडोशीला राहते, गोरेगावच्या एका पतपेढीत काउंटरवर असते. तिची केमो सुरू झाली होती. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मीरा, सगळे काढून टाक. आपले आपण काढलेले बरे. रोज सकाळी उशीवरून गोळा करायला मला वेळ नाही."

देवेश बरोबर होता. त्याने फोन काढला.

"ते खाली ठेव रे," प्रेमाताई म्हणाली.

त्याने ठेवला नाही. मीराने मशीन लावलं. अर्धं डोकं झालं तेव्हा देवेश फ्रेममध्ये आला, बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "ताई, माझे केस आता तुझे."

प्रेमाताईने आरशातून त्याच्याकडे पाहिलं.

"टाकलंस स्टेटसला?"

"टाकतोय."

"छान. मग बस बाजूच्या खुर्चीत. मीरा आहे, कात्री आहे."

"अगं, लगेच कशाला? अजून थोडे वाढू दे. तुलाच लांब मिळतील."

तेव्हा तो बोलत बहिणीशी होता, पण बघत स्वतःकडे होता. मीराने हे लक्षात ठेवलं.

सप्टेंबरात प्रेमाताईचे उपचार संपले. डोक्यावर लव आली होती, तीही जागोजागी. एक नोव्हेंबरला कामावर रुजू व्हायचं होतं. दुकानातला तयार टोप तिने घालून पाहिला, कपाळभर पुरळ उठलं. ती मीराला म्हणाली, "ओढणी घेऊन जाईन म्हटलं. पण काउंटरवर दोन्ही हात लागतात गं. एका हाताने ओढणी धरून शिक्के कसे मारू? आणि लोक. काचेपलीकडून कशी बघतात, माहितीये? जणू मी आज आहे, उद्या नाही."

तिला दुसरं काही नको होतं. एक तारखेला काउंटरवर इतरांसारखं बसायचं होतं.

भांडुपला गुणाजीकाका आहेत. कोकणातल्या दशावतारी मंडळींना लागणारे टोप ते हाताने विणतात. मीराने त्यांना विचारलं. ते म्हणाले, "तीन आठवडे होये. केस बारा इंचांच्या वर होये. आणि आयक, वेणी घालून वर रबर लाव, मगच काप. सगळी मुळां एका बाजूक, टोकां एका बाजूक. उलटसुलट झाले तर आठ दिवसांत टोपाची जटा होता."

मीराने मोजलं. देवेशचे चौदा चौदा इंच कापले तरी त्याच्या खांद्यापर्यंत केस उरत होते. खांद्यापर्यंत! तिने त्याला फोन केला, गुणाजीकाकांचा पत्ता सांगितला आणि बुधवारी सकाळी अकराला बोलावलं. त्याने हात जोडलेल्या तीन इमोजी पाठवल्या.

बुधवारी तो आला. केस धुऊन, वाळवून. मीराने चार भाग केले, चार वेण्या घातल्या. प्रत्येकीला वर रबर, खाली रबर. कात्री उचलली.

"थांब," देवेश म्हणाला.

मीरा थांबली.

"शनिवारी एक लुक टेस्ट आहे. जाहिरात आहे. साधूचा रोल. अगं, मला कोणी इतक्या वर्षांत बोलावलं नव्हतं."

"कोणी बोलावलं?"

"एक ओळखीचा आहे. अजून नक्की नाहीये. पण असं ऐन वेळेला..."

"देवेश, प्रेमाताईला एक तारखेला कामावर जायचंय."

"मला माहितीये ना. ती माझी बहीण आहे, तुझी नाही." मग आवाज खाली आला. "आज फक्त ट्रिम करूया ना यार. टोकं खराब दिसतायत."

मीराने त्याच्याकडे आरशातून पाहिलं. शाळेत हा डब्यातल्या मोदकाची कळी तेवढी मोडून द्यायचा आणि वर्गभर सांगायचा, मी मोदक वाटला. तिला ते आत्ता आठवलं. तिने एकेक करून आठही रबर सोडले, वेण्या उकलल्या आणि नखाएवढी टोकं कापली. त्याने नेहमीसारखा हात पुढे केला. तिने कचरा ठेवावा तशी ती टोकं त्याच्या तळहातावर ठेवली.

तेवढ्यात एक बाई केस धुवायला आली. मीरा तिला बेसिनपाशी घेऊन गेली. नळ सुरू होता, त्यामुळे तिला मागचं ऐकू आलं नाही. बाईंचं डोकं पुसून ती वळली तेव्हा देवेश गेला होता. कोपऱ्यात झाडून ठेवलेला केसांचा ढीगही गेला होता. सकाळी एका कॉलेजच्या मुलीने हातभर केस उतरवले होते, ते सगळ्यात वर होते. टेबलावरचे दोन रबरही नव्हते.

मीराला वाटलं, शेजारच्या सफाईवाल्या मावशी घेऊन गेल्या असतील. याहून वाईट काही तिच्या डोक्यात आलं नाही. माणसाबद्दल वाईट विचार करायलाही थोडी प्रतिभा लागते.

संध्याकाळी गुणाजीकाकांचा फोन.

"गो मीरा, तुझो तो केसवालो इलेलो. पिशयेत केस देवन गेलो. म्हणालो, माझे आसत, बहिणीसाठी."

"काय?"

"तू खय शिकलंस कापूक? मूळ खय, टोक खय, काय पत्तो नाय. आणि हे एका माणसाचे केस नाय. तीन बायकांचे आसत. एकीन तर मेंदी लावलली आसा. माझी बोटां चाळीस वर्सां ह्याच करतत, चेडवा. माका नको शिकवू."

मीरा खाली बसली. दारातल्या तुळशीशेजारी, पायरीवर. दिवसभर लोकांचे खोटे क्लेम पकडणारा हा माणूस. जमिनीवरचे झाडलेले केस रबर लावून बहिणीच्या डोक्यावर बसवायला निघाला होता. त्याला इतकंही ठाऊक नव्हतं की केसाला दिशा असते. चार वर्षं रोज शंभर वेळा त्यातून कंगवा फिरवला, आणि केस मुळाकडून टोकाकडे एकाच बाजूने गुळगुळीत लागतो, हे त्याच्या बोटांना कळलं नाही. त्याने कधी केसाला हात लावलाच नव्हता. तो आरशाला लावत होता.

तिने प्रेमाताईला फोन केला आणि सगळं सांगितलं. काही सौम्य केलं नाही.

"मेंदी?" प्रेमाताईने विचारलं.

"हो."

"म्हणजे माझं डोकं पुढून काळं, मागून लाल झालं असतं." ती हसली. मग हसायची थांबली. "रविवारी मी येते. त्यालाही आणते."

रविवारी दोघं आले. देवेशने गॉगल लावला होता. तो काही बोलायच्या आत प्रेमाताई बाजूच्या खुर्चीत बसली आणि तिने ओढणी काढली. डोक्यावर जागोजागी लव, मध्ये पांढुरकी कातडी. ती सरळ समोर बघत राहिली.

"बस," ती म्हणाली.

"ताई, ते केस... मला वाटलं, केस ते केस. तुझं काम झालं असतं आणि माझंही—"

"बस म्हटलं ना."

तो बसला. मीराने कापड गळ्याभोवती बांधलं, पुन्हा चार वेण्या घातल्या, पुन्हा आठ रबर. या वेळी ती थांबली नाही. डाव्या कानामागची वेणी धरली, रबराच्या वर कात्री लावली. जाड केस एका घावात कापले जात नाहीत, कुरतडावे लागतात. करकर आवाज आला. वेणी तिच्या हातात आली.

देवेशने आरशात पाहिलं. त्याचे ओठ पांढरे पडले. दोघं भावंडं शेजारी शेजारी बसली होती, आणि आजारी कोण, असं परक्याला विचारलं असतं तर त्याने देवेशकडे बोट दाखवलं असतं.

त्याचा फोन वाजला नव्हता. तरी त्याने तो कानाला लावला.

"हॅलो? हां सर. हां, एक मिनिट सर." तो उठला. मीराला खूण केली, आलोच. तो कापडासकट बाहेर गेला. गेटपर्यंत गेला. तिथे एक रिक्षा उभी होती. तो आत शिरला, मधोमध बसला, आणि रिक्षा गेली.

मीरा कात्री घेऊन दारात उभी.

"माझं कापड घेऊन गेला," ती म्हणाली.

प्रेमाताई तशीच बसून होती. "लहानपणी इंजेक्शनच्या रांगेतून असाच पळायचा," ती म्हणाली. "पण तेव्हा तो सहा वर्षांचा होता." तिने ओढणी डोक्यावर घेतली आणि वेणी मागून घेतली. मांडीवर ठेवून ती तिच्यावरून हात फिरवत राहिली, मुळाकडून टोकाकडे.

एका वेणीचा टोप होत नाही. दुसऱ्या कुणाचे केस घाला, असं मीराने गुणाजीकाकांना सुचवलं. त्यांच्याकडे होते ते जाडेभरडे, राक्षसांच्या टोपाचे. ते म्हणाले, "जमात तितक्या करतंय." त्यांनी जाळीवर कपाळाच्या बाजूने दोन बोटांची पट्टी विणली. एकेक केस, एकेक गाठ. एक तारखेला प्रेमाताई ती पट्टी कपाळावर आणि मागे पक्का बांधलेला रुमाल, अशी कामावर गेली. दोन्ही हात मोकळे. काचेपलीकडून बघणाऱ्याला समोरचे केस दिसतात. ती वळत नाही. फाईल मागच्या कपाटात असली तर शेजारणीला सांगते.

देवेशने त्याच रविवारी रात्री स्टेटस टाकलं होतं. कापलेली वेणी त्याच्याजवळ नव्हती, म्हणून त्याने आपल्या डोक्याचा मागून फोटो टाकला, डाव्या बाजूला जागा रिकामी. खाली लिहिलं: ताईसाठी, माझं थोडंसं. लोकांनी बदाम पाठवले, मीराने मोजले नाहीत. दोन आठवड्यांनी त्याचा तिला मेसेज आला. "डावीकडून विचित्र दिसतंय. जरा लेव्हल करून देशील? बाकी काही नको. नखाएवढंच." कापडाचा उल्लेख नव्हता.

तिने उत्तर दिलं नाही.

गुणाजीकाकांनी दुसरी जाळी, पूर्ण डोक्याची, लाकडी साच्यावर ताणून ठेवली आहे. तिच्यावर खडूने उरलेल्या तीन वेण्यांचे तीन भाग आखलेत. त्यात अजून एकही गाठ नाही.