बांधावरच्या काट्या आणि वकिलाचा खर्च

१४ मार्च १९९४, सोमवार. बांधावर हजर: तहसीलदार, तलाठी, दोन पंच, आमचे वकील, शेजारचे काका, माझा थोरला भाऊ, वहिनी आणि मी. काकांचे वकील आले नाहीत. डायरीत एवढंच लिहिलं आहे. त्या दिवशी काय बिघडलं ते लिहायला जागा पुरली नाही.

आमचं शेत काकांच्या शेतामागे. गाडी न्यायची तर त्यांच्याच बांधावरून. वडील असेपर्यंत कधी शब्दाला शब्द झाला नाही. दर हिवाळ्यात हुरडा आला की पहिली पाटी काकांच्या घरी जायची आणि मगच आमची गाडी बांधाला लागायची. वडील गेल्यावर त्यांची कामं मी यादी करून वाटून घेतली. मी जालन्याला नोकरीला होते, कागदपत्रं मला कळत, म्हणून सगळ्यांनी मान्यही केलं. 'काकांना पाटी' या ओळीवर मीच काट मारली. रस्ता हक्काचा आहे, मग पाटी कशाची, असं दादाला सांगितलं.

पुढच्या हंगामात काकांनी बांधावर बाभळीच्या काट्या, काटेरी फांद्या, आडव्या टाकून वाट अडवली.

दादा म्हणत होता, जाऊन बोलू. मी म्हटलं, अर्ज करू. "आणि खर्चा?" त्यानं विचारलं. हरेल तो देईल, म्हणजे काका देतील, असं मी ठामपणे सांगितलं. मला कोणी तसं सांगितलं नव्हतं. मला ते योग्य वाटत होतं, एवढंच.

तर त्या सोमवारी तहसीलदारांनी काकांना विचारलं, "वाट जुनी आहे की नाही?"

"जुनी हाय ना साहेब. पण दर साली विचारून जात होते. पाटी आणून देत होते. विचारा की, समोरच उभा हाय."

दादाला खोटं बोलता येत नाही. "देत होतो," तो म्हणाला. "बापानं घालून दिल्तं."

आमचे वकील चष्मा पुसू लागले. परवानगी मागून वापरलेली वाट हक्काची ठरत नाही, हे त्यांनी मला परतीच्या वाटेवर समजावलं. पाटीबद्दल मी आधी का सांगितलं नाही, असंही विचारलं. यादीतून काढून टाकलेली गोष्ट मला सांगण्यासारखी वाटलीच नव्हती.

आदेश दोन महिन्यांनी आला. जुनी वहिवाट सिद्ध होत नाही. मात्र दुसरी वाट नसल्याने बांधावरून बैलगाडीपुरता रस्ता द्यावा. खर्च ज्याचा त्याने सोसावा. शेवटची ओळ मी तीनदा वाचली. म्हणजे वाट मिळाली आणि मी दादाला दिलेला शब्द मात्र गेला.

आदेश घेऊन आम्ही दोघं काकांकडे गेलो. त्यांनी चहा दिला, कागद पाहिलाही नाही.

"वकील मी हौसेनं न्हाई लावला, माय. तू नोटीस धाडली म्हणून लावला. माझा तेवढा खर्चा दे, काट्या मी सोता उचलतो."

"काका, आदेशात स्पष्ट लिहिलंय. ज्याचा त्यानं."

"मंग आदेशालाच सांग काट्या उचलायला."

बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "देऊन टाक."

"का द्यायचा? कायद्यानं लागत नाही."

"कायद्यावरून गाडी जाती का?"

पुन्हा अर्ज करून माणसं आणून काट्या काढता आल्या असत्या. त्यासाठी दादाची सही हवी होती. त्यानं साफ नकार दिला. त्या हंगामातही कापूस डोक्यावरूनच सडकेपर्यंत आला, तिथून गाडीनं तीर्थपुरीच्या बाजाराला. मी सुट्टी काढून मदतीला गेले होते. वहिनीची मान आखडली होती, तरी गठुडं उचलताना म्हणाली, "वन्सं, तो आदेशाचा कागद द्या. डोक्यावर ओझ्याखाली चुंबळ करते. कुठंतरी कामाला येईल."

मी तिच्यामागून दोन खेपा केल्या. तिसरीला बसले. तिनं त्या दिवशी किती केल्या, मोजल्या नाहीत. मी न मोजलेली ती एकच गोष्ट असावी.

तिथंच ठरवलं की काकांचा खर्च आपण द्यायचा, दादाच्या नाही, माझ्या पगारातून. पुढच्या रविवारी पाकीट घेऊन गेले. काका ओसरीवर होते.

"किती झाला खर्च, काका?"

"तुझ्या बापानं कधी पाटी मोजून दिल्ती का?" एवढं बोलून ते गोठ्याकडे गेले.

मी पाकीट घेऊन परत आले. आकडा कळल्याशिवाय पैसे कसे द्यायचे, हे मला अजून समजत नाही, आणि न मोजता द्यायला हात पुढे होत नाही. डायरी बदलते तेव्हा राहिलेली कामं पुढच्या डायरीत उतरवते. या वर्षीच्या पहिल्या पानावर सातवं: काकांकडे जाणे. पाकीट की पाटी, ते ठरवणे. समोरची चौकट रिकामी आहे. हुरडा पुढच्या आठवड्यात संपेल, असा वहिनीचा निरोप आहे.