खडूची फुली

"कापड नको दावू, वारा दाव." नव्या बॅगपाइपचं मखमली खोळ सारून काका त्या वाद्यालाच दटावायचे. मग नळ्यांच्या तोंडांना बुचं लावून हवेची पिशवी तट्ट फुगवायचे, काखेत दाबायचे आणि डोळे मिटून कान लावायचे. तेवढा वेळ आमच्या स्टाफरूममध्ये खोकायचीही चोरी.

पनवेलच्या आमच्या शाळेत मुलींचं बँडपथक होतं आणि ते माझ्या गळ्यात पडलं होतं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. काका मूळचे चिरनेरचे, लष्करी बँडमधून निवृत्त होऊन विचुंब्याला राहायला आलेले. शिकाऊ मुलींसाठी आम्ही स्वस्तातली वाद्यं मेरठहून मागवायचो. ती ठेवायची की परत धाडायची, हे काका ठरवत. नापास पिशवीवर खडूने फुली. तुमच्याही ओळखीत असेल असं कुणी, जावई निवडावा तशी भाजी निवडणारं.

"सस्ती असूदे, बाई, पन गळकी नको," ते म्हणायचे. "पोर फुंकून फुंकून दमते, न् तिला वाटतं, आपल्यातच दम नाय."

त्या वर्षी सव्वीस जानेवारी जवळ आली तेव्हा नवी खोकी उघडली. काकांनी पहिली पिशवी फुगवायला घेतली आणि अर्ध्यावर थांबले. "गळते." फुली. दुसरीही गळते. करता करता सगळ्यांवर फुल्या पडल्या. "फसवलं मेल्यांनी!" काका धापा टाकत म्हणाले. त्यांचे ओठ निळसर दिसत होते.

ते गेल्यावर मी त्यातलीच एक पिशवी फुंकून पाहिली. माझा चहा थंड होऊन त्यावर साय धरली, तरी पिशवी टणकच. मला भीती वाटली, आणि ती संचलनाची नव्हती.

दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन विचुंब्याला गेले. "काका, ही चांगली आहे. तुम्ही आधी डॉक्टरांकडे चला."

"उभा जन्म फुंकत आलो! आता तुमी मला शिकवनार?"

मी वाद घातला नाही. त्यांच्यासमोर पिशवी फुगवली आणि त्यांच्या काखेत दिली. त्यांनी दाबली, कान लावला. पुन्हा एकदा दाबली.

"नाय गळत," ते हळूच म्हणाले. मग शर्टाच्या बाहीने फुली पुसली. "बाकीच्या तुमी पुसा, बाई. मुलींना काय सांगू नका."

काका डॉक्टरांकडे आले, पण छाती आधीच कामातून गेली होती. संचलनात मुली त्या पिशव्यांवर छान वाजवत गेल्या. काका त्याआधीच वारले, त्यांना ते ऐकायला मिळालं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

पुढच्या खेपेची वाद्यं मीच तपासायला बसले. एक पिशवी काही केल्या टणक होईना. ती गळत होती की मीच कमी पडत होते, कोणाला विचारणार? खडू हातात धरून मी तशीच बसून राहिले.