बुटाला संत्र्याचा वास

आमचे मामाजी देवावर विश्वास ठेवत, पण तोही हातचं राखून. सकाळी पूजा झाली की देवापुढचे खडीसाखरेचे खडे नीट बघून ठेवत आणि संध्याकाळी पुन्हा बघत. "मुंगीनं नेला त चालते," म्हणत, "पन कोन्या मुंगीनं नेला ते मालूम पाह्यजे." मामाजी म्हणजे माझे सासरे. बार्शीटाकळीतल्या आमच्या गल्लीचे ते हवालदारसाहेब. फौजेतून परत येऊन पंचवीस वर्षं झाली होती, तरी फाटकावर आपलाच पहारा आहे अशा डोळ्यांनी ते जगाकडे बघायचे. तुमच्याही घरात नाहीतर शेजारात असा एखादा असेलच, दूधवाल्याला आधी त्याचंच दूध प्यायला लावणारा.

एकदा त्यांना बँकेतून बोलतोय म्हणून कोणाचा तरी फोन आला. खातं बंद होणार आहे, कार्डाचा नंबर सांगा. मामाजींनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि उलटतपासणी सुरू केली. "तुहं नाव काय? बापाचं नाव? तुह्या मांगं कोन हासून राह्यलं? त्याले दे फोन." वीस मिनिटांनी त्या बिचाऱ्या ठगानंच फोन कापला. मामाजी हळहळले. म्हणाले, "अजून त मी शाळा कोनती ते इचारलंच न्हाई."

पण सगळ्यात कडक पहारा होता तो त्यांच्या बुटांवर. काळे, घोट्याच्या वरपर्यंतचे, फौजी बूट. ओसरीत एका पाटावर ते ठेवलेले असत आणि पाटावर खडूनं त्यांच्या तळव्यांची रेघ आखलेली असे. टाच रेघेच्या बाहेर दिसली की चौकशी. लग्न होऊन आले त्या आठवड्यात मी झाडताना पाट जरा सरकवला, तर मला ओसरीत उभं करून तीनदा विचारलं, "झाडू कोन्या हातानं धरला व्हता?" मी मनात म्हटलं, बाई गं, हे सासर आहे की ठाणं!

बूट चमकवायची त्यांची रीत मात्र बघत राहावी अशी. आधी कोरड्या ब्रशनं धूळ. मग पॉलिशचा जाड हात आणि तासभर विश्रांती. मग पुन्हा ब्रश. इथपर्यंत कोणीही करील. पुढे जुन्या धोतराचा तुकडा दोन बोटांना असा करकचून गुंडाळायचा की एक सुरकुती राहता कामा नये. डबीच्या झाकणात माठातलं गार पाणी. पाण्याचा एक थेंब, नखभर पॉलिश, आणि बुटाच्या नाकावर लहान लहान गोल. जोर लावायचा नाही. मधेच तोंडानं 'हा' करून वाफ सोडायची. जिथं पाऊल वाकतं तिथं थर चढवायचा नाही, नाहीतर पहिल्याच पावलाला तडकतो. असे थर तीन-तीन दिवस चढले की बुटात ओसरीचं छत दिसू लागे. "घाई केली का थो रुसते," मामाजी म्हणत, "आन रुसला का आठ दिस बोलत न्हाई."

फजित्याही कमी झाल्या नव्हत्या. एप्रिल लागला की आमच्याकडे पॉलिश डबीतल्या डबीत पातळ होतं, म्हणून ती डबी माठाखालच्या ओल्या वाळूत पुरलेली असे. पाणी प्यायला गेलेले पाहुणे वाळूतलं काळं झाकण बघून बिचकत. फौजेतून आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मामाजींनी धुतलेले बूट छपराच्या टिनावर वाळत घातले होते, तर दोन तासांत डिंक वितळून तळवे लोंबू लागले. माझ्या नवऱ्यानं कॉलेजात असताना थर लवकर बसावा म्हणून पॉलिशला काडी लावली. डबी भडकली आणि त्याच्या भुवया गेल्या. उजवी अजून अर्धीच आहे. मामाजी धावत आले आणि त्यांनी एवढंच विचारलं, "बूट कुठी हायेत?"

या सगळ्या थरांचा जीव एक मेमध्ये होता. तालुक्यातले सात-आठ म्हातारे फौजी त्या दिवशी शाळेच्या मैदानावर झेंड्यापुढे रांगेत उभे राहायचे. त्यांचा आपसातला नियम होता. रांग लावायच्या आधी एकमेकांचे बूट बघायचे आणि ज्याचा बूट सगळ्यात आरशासारखा, हुकूम त्यानं द्यायचा. अकरा वर्षं तो मान मामाजींचा होता. चमक गेलेले बूट घालून त्या मैदानात पाय ठेवायचा नाही, हाही नियम त्यांनीच केलेला. पण एका वर्षी भाषणं लांबली, ऊन चढलं, आणि मामाजी सावधानमधेच उभेच्या उभे कोसळले. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासण्या करून स्पष्ट सांगितलं, हृदय थकलंय, पुन्हा असे उन्हात उभे राहिलात तर उठणार नाही. दवाखान्याबाहेर येताच मामाजींनी डॉक्टरावरच संशय घेतला. "त्याचे जोडे पाह्यले का? चिखल लागेल व्हता. अशा मान्साचं काय आयकायचं?" एक मेला जाणार म्हणजे जाणारच.

पुढच्या एप्रिलमध्ये माझ्या माहेराहून, शेंदूरजनाघाटाहून, मृगबहाराच्या संत्र्यांची शेवटची पेटी आली. दोन दिवसांनी ओसरीतून आरोळी आली, "सूनबाई!" मी पिठाच्या हातांनी धावले. बुटाचं नाक धुरकट झालं होतं, तीन दिवसांची मेहनत पुसली गेली होती. मामाजींनी बूट नाकाशी नेला, डोळे मिटले आणि म्हणाले, "संत्रं."

संत्र्याच्या सालीतलं तेल पॉलिश सोडवतं. ही अक्कल घरात मीच आणलेली. त्यांच्या नखांतला काळा रंग साबणानं निघेना, तेव्हा लग्नाच्या पहिल्या वर्षी मीच मोठ्या कौतुकानं त्यांना साल घासायला दिली होती. आता तीच माझ्या गळ्याशी आली. मामाजींनी मला, माझ्या नवऱ्याला आणि आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, रांगेत उभं केलं आणि एकेकाचे हात हुंगले. संत्री सगळ्यांनीच खाल्ली होती. पण सोलून कोणी दिली होती? मी. "इले सालीचा गुन मालूम हाय," ते म्हणाले, "आन पेटी इच्याच घरची." बस्स, खटला संपला.

दर दोन-तीन दिवसांनी हेच. ते थर चढवत, चमक येई, आणि एका दुपारी बूट पुन्हा धुरकट. मी शपथा घेतल्या, उरलेली संत्री शेजारी वाटून टाकली, तरी माठाशेजारच्या टोपलीत दोन-चार राहिलीच. मामाजी माझ्या हातचा चहा आधी हुंगू लागले. आठ वर्षं त्या घरात राबले होते मी, आणि आता गल्लीतल्या बायका मला बघून कुजबुजत. फार लागलं मला. रात्रंदिवस एकच विचार, हे करतंय कोण? नवऱ्यावर संशय घेतला, पण तो सकाळी अकोल्याला दुकानात जायचा तो दिवेलागणीला परतायचा. भांडेवालीवर घेतला. एकदा तर वाटलं, हा म्हाताराच मला घराबाहेर काढायला हे करत असेल. शेवटी मी भावाला फोन केला, की गाडी घेऊन ये, मला इथं राहायचं नाही. तो म्हणाला, दोन तारखेला येतो.

त्याच दुपारी मामाजी झोपले असताना मी दाराआड उभी राहिले. थोड्या वेळानं आत्याबाई हळूच ओसरीत आल्या. पदराखालून साल काढली आणि बुटाचं नाक खालून वर, खालून वर घासू लागल्या.

"आत्याबाई!"

त्यांच्या हातातली साल पडली. मला ओढतच त्यांनी स्वयंपाकघरात नेलं. "कोनाले सांगजो नोको व पोरी. बूट चमकले त थे जातीन. गेले त वापस येनार न्हाई."

"मंग माह्यावर आळ कावून येऊ देला?" माझा आवाज फाटला. "मी माहेरी चालली व्हती!"

"मले दुसरं काई सुचलं न्हाई व." त्या खाली बसल्या आणि रडू लागल्या. "माह्यं नाव आलं त थे मुद्दाम जातीन. बायकोनं अडोलं म्हनून थांबनारा मानूस हाय का थो?"

राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण ती बाई पदरात तोंड घालून रडतच राहिली. मी भावाला येऊ नको म्हणून कळवलं आणि चोर म्हणवून घेत राहिले.

तीस एप्रिलला मामाजी सकाळपासून काठी घेऊन पाटाशेजारी खुर्ची टाकून बसले. दुपारी झोपलेही नाहीत. बूट असे चमकत होते की ओसरीचा पंखा त्यात फिरताना दिसे. आत्याबाई आत-बाहेर करून थकल्या आणि देवापाशी जाऊन बसल्या. चार वाजता मामाजी उठले. म्हणाले, "सूनबाई, मी आंघोय करून येतो. बुटाकडं ध्यान ठेवजो."

मला! तीन आठवडे जिला चोर ठरवलं तिला पहाऱ्यावर? यात काहीतरी डाव आहे, मला वाटलं. पण न्हाणीत बादली वाजली आणि मी विचार सोडला. टोपलीतलं एक संत्रं सोललं. माझ्यावरचा आळ आता मी स्वतःच खरा करत होते. सालीचा रस दोन्ही नाकांवर पिळला आणि घासला, अगदी पंखा दिसेनासा होईपर्यंत. एका संध्याकाळीत ते थर पुन्हा बसणार नव्हते.

मामाजी आले. बुटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी साल मुठीत धरून तशीच उभी. मला वाटलं, आता काठी बसते. ते एवढंच म्हणाले, "बूट बिघडले. उद्या मी जात न्हाई," आणि आत गेले.

एक मेला सकाळी मैदानावरचा लाउडस्पीकर आमच्या ओसरीपर्यंत ऐकू येत होता. मामाजी बनियनवर बसले होते. दुसऱ्याच कोणीतरी दिलेला हुकूम ऐकून त्यांचे पाय जागच्या जागी जुळले, मी बघितलं. मग त्यांनी मला हाक मारली, धोतराचा तुकडा पुढे केला. "बस. हात फिरवाले शिक." मी बसले. आत्याबाई मंदिरात गेल्या होत्या.

ते माझ्या बोटांकडे बघत होते. मग म्हणाले, "कालचं काम तुहं व्हतं. आधीचं न्हाई."

माझा हात थांबला.

"तू गोल घासलं. थे खालतून वरतं घासते, गंज-भांडं घासल्यावानी. पन्नास वर्सं झाले तिचा हात पाहून राह्यलो."

"मंग मले चोर कावून म्हनलं?" माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "सगळ्या गल्लीत माही इज्जत घालवली तुमी, मामाजी!"

"घालवली," ते म्हणाले. मान खाली घातली त्यांनी, मी पहिल्यांदाच बघत होते. "तिचं नाव घेतलं असतं त मले जा लागलं असतं. बूट बिघडले म्हनून फौजी घरी बसू शकते, सूनबाई. बायकोनं अडोलं म्हनून न्हाई बसता येत. मले बी मराचं नव्हतं व." मग म्हणाले, "आन तिले सांगू नोको. थे मले चालाक समजत न्हाई, तेच बरं हाय."

मी त्यांना माफ केलं की नाही, मला आजही धड सांगता येत नाही. पण त्या दिवसापासून बूट मी चमकवू लागले. पुढच्या फेब्रुवारीत, जेवण करून दुपारी आडवे झाले ते मामाजी उठले नाहीत. आत्याबाईंच्या मांडीवर डोकं होतं.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. आत्याबाई ओसरीत माझ्याजवळ येऊन बसल्या. मग माझा हात धरून भीत भीत विचारलं, "पोरी, त्याइले शेवटपावतर समजलं न्हाई ना व, का थे मी व्हती म्हनून?"

त्या घरात जवळजवळ वर्षभर मी खोटारडी म्हणवून घेतलं होतं. खरोखरचं खोटं मात्र त्या दिवशी पहिल्यांदा बोलले.

"न्हाई, आत्याबाई," मी म्हणाले. "त्याइचा संशय शेवटपावतर माह्यावरच व्हता."